निम्मं कशाचं?

परवा दवाखान्यात एका कोवळ्या डॉक्टरने माझा रक्तदाब मोजला आणि म्हणाला, "आजी, मीठ तिप्पट कमी करा." मी विचारलं, "तिप्पट कमी म्हणजे किती? मी दिवसाला एक चमचा मीठ खाते. त्याची तिप्पट तीन चमचे. एकातून तीन गेले की उणे दोन. हे उणे दोन चमचे मीठ खायचं कसं, तेवढं सांगा." डॉक्टर हसला. माझा मुलगा मात्र कानापर्यंत लाल झाला आणि घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. "त्याला काय म्हणायचं होतं ते तुला कळलं होतं ना, आई?" असं शेवटी जिन्यात म्हणाला. कळलं होतं. न कळायला मी काय वेडी आहे? पण असं "कळलं, कळलं" म्हणत सगळ्यांनी माना डोलावल्या आणि त्यात एका बाईची अब्रू गेली, हे मी नववीत असताना पाहिलं आहे. ती घालवण्यात पहिला हात माझाच होता. तेव्हापासून कोणी निम्मं, दीडपट, दुप्पट, टक्का असलं काही बोललं की कशाचं, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. पुढे छत्तीस वर्षं गणित शिकवलं, पण ही खोड त्याच्याही आधीची आहे.

आमचं घर आदिलाबादकडे, तलमडुगूच्या पलीकडच्या एका खेड्यात, गावाच्या खालच्या अंगाला. मायबाप दोघंही दुसऱ्यांच्या शेतात जात. ज्वारी आणि कापूस याखेरीज तिसरं पीक मी लहानपणी धड पाहिलं नव्हतं. घरात मोजमापाचं साधन म्हणावं असं काहीच नव्हतं, पण तुलना मात्र चोवीस तास चालायच्या. बाबा अंतर बिड्यांत मोजायचा. तलमडुगू दोन बिड्या, आदिलाबाद बिड्यांचा अख्खा कट्टा. शेजारची काकू माझ्या उंचीवर टपलेली असायची. "वच्छे, तू आमच्या शेवंतीपरीस दुप्पट बुटकी हायस व," असं ती पाण्याला जाता-येता ऐकवायची. मी विचारायची, "काकू, दुप्पट बुटकी म्हंजे मी जमिनीच्या खाली जाऊन राह्यली का?" तर म्हणायची, "पाहा, पोट्टीची जीभ पोट्टीपरीस तिप्पट लांब हाय!" यंदा पाऊस निम्मा, फलाण्याचा कापूस आपल्या चौपट, अमक्याची सून पाऊणपट शहाणी. गावात सगळे असंच बोलत, सगळ्यांना सगळं समजायचं, आणि कोणाचं काही अडायचं नाही.

अडायचं फक्त मायचं. माय एक अक्षर शिकलेली नव्हती, पण चुलीपुढे ती तराजूच्या काट्यासारखी बसायची. संध्याकाळी गिरणीची टुकटुक थांबली की आमच्या घरातली थापथाप सुरू व्हायची. परातीत पीठ मळण्याचा चिकट आवाज, मग भाकर थापल्याचा, मग तव्यावर पाणी फिरवल्यावरचा चर्र. आंबाडीची भाजी, नाहीतर नुसता मिरचीचा ठेचा, आणि आम्ही पाच तोंडं रांगेत. "माय, निम्मी भाकर दे," असं कोणी म्हटलं की ती हात थांबवून विचारायची, "कशाच्या निम्मी? अख्खीच्या का अर्ध्याच्या?" आमच्याकडे भाकरीचा अर्धा तुकडाही पुन्हा अर्धा व्हायचा, म्हणून हा प्रश्न थट्टेचा नव्हता. ती म्हणायची, "निम्मं म्हनल्यानं पोट भरत नाई बाई. निम्मं कशाचं, ते पाहा लागते." आम्ही हसायचो. आता वाटतं, मला गणिताची पहिली शिक्षिका तिथेच, धुरात बसलेली मिळाली होती.

सातवीनंतर गावात शाळा नव्हती. आदिलाबाद शहरात आमच्या समाजातल्या काही शिकल्यासवरल्या माणसांनी मुलींसाठी एक वसतिगृह चालवलं होतं. त्यात जागा मिळवायला माय दोन वेळा पायी गेली. समितीचे प्रमुख होते पेशकारसाहेब. हे त्यांचं नाव नव्हे, निजामाच्या काळात ते कचेरीत पेशकार होते, म्हणून राज्य गेलं, राजवट बदलली, आंध्र प्रदेश झाला, तरी ते पेशकारच राहिले. पांढरी शेरवानी, कानात अत्तराचा फाया, आणि मराठी बोलताना मध्येच कचेरीतली उर्दू. माणूस प्रामाणिक होता, समितीच्या चहाचा कपही घरून आणायचा. पण त्यांना एक जुनी कचेरीची सवय होती: चिठ्ठीवर कधी आकडा लिहायचे नाहीत. "आकडा लिहिला की मानूस बांधला जाते," असं ते म्हणायचे. तर अशा पेशकारसाहेबांच्या सहीवर मला जागा मिळाली, आणि निघताना मायने मला बजावलं, "वच्छे, त्यायच्या सहीवर तू हायस. तोंड सांभाळ."

वसतिगृह म्हणजे पूर्वीचं सरकीचं गोदाम होतं. लांबच लांब कौलारू दालन, भिंतींना अजून सरकीच्या तेलाचा वास. पहाटे हापशाची करकर, मग बुद्धवंदना, मग कापसाच्या जिनिंग गिरणीचा भोंगा, आणि दिवसभर समोरच्या हॉटेलातल्या रेडिओवरची तेलुगू गाणी. त्यातला शब्द कळायचा नाही, चाल मात्र सगळ्या पोरींना पाठ होती. पण सगळ्यात अवघड गेला तो भात. आम्ही ज्वारी खाणारी माणसं. भाताने पोट टम्म व्हायचं आणि तासाभराने ते पाठीला लागायचं. वर पातळ वरण किंवा चिंचेचं सार. चाळीस मुली दोन ओळींत बसायच्या, लहान पुढे, मोठ्या शेवटी. मी नववीत, म्हणून ओळीच्या अगदी टोकाला. स्वयंपाकघरात तांदूळ मोजायला पत्र्याचा एक डबा होता. एका वेळेला बारा डबे तांदूळ शिजायचा, आणि बारा डब्यांत टोकाच्या मुलीपर्यंत भात पोचायचा, हे त्या वेळी आम्हा पोरींपैकी कोणी लक्षातही ठेवलं नव्हतं. पोट भरत होतं तोवर आकडा कोण पाठ करतो?

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाला बाजारहत्नूरकडच्या एका छोट्या वसतिगृहाचं छप्पर खचलं आणि तिथल्या वीस मुली आमच्याकडे आणून ठेवल्या. चाळीसच्या साठ झाल्या. पेशकारसाहेबांनी चिठ्ठी पाठवली, "तांदूळ निस्फ वाढवावा." निस्फ म्हणजे निम्मं. शाळेत शिकवून वसतिगृह पाहणाऱ्या वार्डनबाईंनी बाराचे अठरा केले, सगळं ठीक झालं. फक्त आमची म्हातारी स्वयंपाकीण एवढ्या मोठ्या हंड्याला घाबरली आणि आपल्या लेकाकडे निघून गेली. तिच्या जागी राजव्वा आली. ती निर्मळकडची तेलुगू बाई, काळीसावळी, ठेंगणी, हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण. तिचा नवरा जिनिंगमध्ये हमाली करायचा. मराठी तिला येत नव्हती, आम्हाला तेलुगू येत नव्हती, म्हणून दोघी मिळून हिंदीची खांडोळी करायचो. आंबाडीला ती गोंगुरा म्हणायची आणि अशी करायची की आम्ही बोटं चाटायचो. मला तिने आल्या आल्या नाव ठेवलं होतं, "लंबी ज़बान." काकूचंच मत तेलुगू तोंडून ऐकून मला गंमत वाटली होती.

दोन महिन्यांनी बाजारहत्नूरचं छप्पर झालं, मुली परत गेल्या. पेशकारसाहेबांची दुसरी चिठ्ठी आली, "तांदूळ निस्फ कमी करावा. हिसाब बराबर." वार्डनबाईंनी ती वाचली, राजव्वाला "आधा कम करो" असं सांगितलं आणि चिठ्ठी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टोचून त्या आपल्या तपासायच्या वह्यांकडे वळल्या. निम्मं चढवलं, निम्मं उतरवलं. सगळ्यांच्या मनाने बारा डबे पुन्हा बारा झाले.

आणि आम्ही उपाशी राहू लागलो. उपाशी म्हणजे अगदी उपाशी नव्हे. पुढच्या मुलींना भात मिळायचा, टोकाला येईपर्यंत हंडा खरवडायचा आवाज यायचा. तो पळीचा खर्र आवाज मला अजून ऐकू येतो. आमच्या ताटात दोन पळ्या भात आणि वर साराचं तळं. पहिले काही दिवस वाटलं, आज चुकलं असेल. पंधरा दिवस झाले. माझ्या शेजारी बसणारी सुमन गुडीहत्नूरची, ती वर्गात बेंचवर डोकं ठेवून झोपायला लागली. मला गणितं सुटेनात. भूक पोटात असते असं म्हणतात, माझ्या बाबतीत ती डोक्यात चढते, आणि डोक्यात चढली की कोणाला तरी चावते.

एके दुपारी मी पाणी प्यायला मागच्या दाराशी गेले, तर राजव्वा डोक्यावर भगुणं घेऊन बाहेर निघाली होती. झाकण लावलेलं, वर फडकं बांधलेलं. ती रोजच नेते असं हापशावरच्या पोरींनी सांगितलं. बस्स. मी तशीच वार्डनबाईंच्या खोलीत गेले आणि दारातच ओरडले, "बाई, आमचा भात राजव्वा घरी नेऊन राह्यली. मी माह्या डोयानं पाह्यलं!" खरं म्हणजे मी भगुणं पाहिलं होतं. भात पाहिला नव्हता. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या वसतिगृहाला माहीत झालं, आणि जेवताना कोणीतरी मागून "चोट्टी" म्हणालं. राजव्वाला शब्द कळला नसेल, सूर कळला. तिने वाढता वाढता एकदा मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

वार्डनबाईंनी ठरवलं की पुनवेच्या बैठकीत पेशकारसाहेबांपुढे हे मांडायचं. दर पुनवेला गावाकडून आईबाप भेटायला यायचे आणि दुपारी कडुनिंबाखाली समिती बसायची. राजव्वाला काढतील हे उघड होतं. चोर म्हणून काढलेल्या बाईला त्या गावात दुसऱ्या कोणी चुलीजवळ उभं केलं नसतं. बैठकीला आठ दिवस होते. तोवर नजर ठेवायला बाईंनी मलाच स्वयंपाकघरात बसवलं. "तूनंच पकडली ना? आता तूच मोज. बारा डबे पडतात का पाह्य."

मी मोठ्या तोऱ्यात जाऊन बसले. राजव्वाने डबा भरला, वरून हात फिरवून सपाट केला, हंड्यात ओतला. एक, दोन, तीन. नऊ झाले आणि तिने डबा पालथा घातला. मी विचारलं, "नऊच? बाकी?"

"बाकी क्या?" ती म्हणाली. "बाई बोले आधा कम करो. अठारा थे, नौ डाली. मेरे को क्या मालूम अम्मा, पहले कित्ते थे?"

ती आली तेव्हा अठराच होते. बारा डबे तिने कधी पाहिलेच नव्हते. मी तिथेच चुलीपुढे बसले होते आणि मला मायची परात दिसली. निम्मं कशाचं? पहिलं निम्मं बाराचं होतं, सहा. दुसरं निम्मं अठराचं, नऊ. चढवले सहा आणि उतरवले नऊ. मधले तीन डबे कोणी खाल्ले नव्हते, ते "हिसाब बराबर" या दोन शब्दांनी खाल्ले होते. मी राजव्वाला विचारलं, "और भगुना?" तिने कोपऱ्यातल्या भगुण्याचं झाकण उचललं. आत सकाळच्या भाताची गंजी होती, निव्वळ पांढरं पाणी, तळाला चार शितं. टोकाच्या मुलींना पुरेना म्हणून ती आपल्या वाट्याचा भातही हंड्यातच सोडायची आणि गंजी मीठ घालून घरी जाऊन प्यायची. आजही हे लिहिताना मला माझीच लाज वाटते. त्या वेळी तर वाटलं, ही चूल आपल्याला गिळेल तर बरं.

मी धावत बाईंकडे गेले. सगळं सांगितलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलंच नाही. "नऊ? तू सोता मोजले नऊ? म्हंजे तीन डबे रोज चोरते!" मी म्हटलं, "चोरत नाई बाई, अठराचं निम्मं..." "निम्मं वाढवलं, निम्मं कमी केलं. मंग बराबर नाई का झालं? नववीत हायस का दुसरीत?" मी वहीवर मांडून दाखवायला गेले तर त्यांनी वही मिटली. मी चोरी शोधली म्हणून मला शाबासकी मिळाली होती, आता चोरी नाही म्हटलं तर मी लबाड ठरत होते. माझाच नऊचा आकडा राजव्वाच्या गळ्यात फास होऊन पडला. पण त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं की ही गाठ मी मारली आहे, सोडवायचीही मीच. जागा गेली तर गेली.

पुनवेला माय आली. फडक्यात भाकरी, ठेचा, आणि कागदात मूठभर फुटाणे. मी तिला भिंतीआड नेऊन सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. ती ऐकत होती आणि फडक्याची गाठ सोडत-बांधत होती.

"तू चोरी पाह्यली व्हती?"

"नाई. भगुनं पाह्यलं व्हतं."

"अन् मंग भगुन्यात काय व्हतं, ते पाह्यलं?"

"गंजी."

मायला माझी वसतिगृहातली जागा दिसत होती, पायी केलेल्या दोन खेपा दिसत होत्या. मग तिने भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं. "त्यायले वही नोको दाखवू. मानसाले भाकर दिसते. जाय, बोल."

कडुनिंबाखाली पन्नासेक माणसं बसली होती. पेशकारसाहेब खुर्चीत, बाजूला वार्डनबाई, आणि थोडं दूर, उन्हातच, राजव्वा उभी. तिचा नवराही कामावरून आला होता आणि फाटकाजवळ टोपी हातात घेऊन थांबला होता. बाईंनी तक्रार वाचली. पेशकारसाहेब म्हणाले, "माझी तहरीर, माझी चिठ्ठी साफ हाय. निस्फ चढवला, निस्फ उतरवला, हिसाब बराबर. तरी रोज तीन डबे कमी भरतात. ह्या पोरीनंच मोजले. ह्यात फैसला करायले उरलंच काय?"

मी पुढे झाले. म्हटलं, "साहेब, फैसल्याच्या आधी माह्या मायच्या भाकरी मोजा."

लोक हसले. बाई उठायला लागल्या, पेशकारसाहेबांनी हाताने थांबवलं. मी त्यांच्यापुढच्या स्टुलावर फडकं पसरलं आणि दोन भाकरी ठेवल्या. म्हटलं, "ह्यात निम्मं वाढवा."

"दोनाचं निम्मं एक," ते म्हणाले, आणि फडक्यातून एक भाकर घेऊन वर ठेवली. "तीन झाल्या."

"आता निम्मं कमी करा."

त्यांनी एक भाकर उचलली. मग दुसरी उचलली, मोडायला दोन्ही हातांत धरली आणि थांबले. मी थांबू दिलं नाही. "मोडा साहेब. तिनाचं निम्मं दीड. तुमचाच हुकूम हाय." भाकर कडकन मोडली. अर्धा तुकडा त्यांनी स्टुलावर परत ठेवला.

"पह्यले किती व्हत्या?" मी विचारलं.

"दोन."

"आता किती राह्यल्या?"

स्टुलावर दीड भाकर होती. मी म्हटलं, "माही अर्धी भाकर कोनं चोरली, साहेब? वाढवली एक अन् काढली दीड. ती अर्धी कोनाच्या घरी नाई गेली. तुमच्याच हातात हाय."

पेशकारसाहेबांनी हातातल्या भाकरींकडे पाहिलं. माझ्या पाठीमागे मायचा श्वास मला ऐकू येत होता. मग ते उठले आणि म्हणाले, "कोठी उघडा." मी तर त्याचा विचारही केला नव्हता, पण कचेरीतल्या माणसाला ते बरोबर सुचलं. तांदूळ चोरीला गेला नसेल तर तो कुठेतरी असलाच पाहिजे. कोठीत, या वेळेपर्यंत संपायला हवं होतं ते एक अख्खं पोतं भिंतीला टेकून उभं होतं. तोंडाची शिवण तशीच होती. पेशकारसाहेबांनी शिवणीवरून बोट फिरवलं, परत येऊन खुर्चीत बसले आणि कलम मागितलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी चिठ्ठीवर आकडा लिहिला. बारा डबे. तेवढ्यावर न थांबता खाली अक्षरातही लिहिलं. मग मला म्हणाले, "पोरी, कचेरीत माझे तीस वर्षं गेले, पन निस्फ कशाचं, हे मले कोनी इचारलं नाई." याहून मोठं बक्षीस मला पुढे कधी मिळालं नाही, हे खरं. त्यांनी मला काढलं तर नाहीच, उलट मॅट्रिकपर्यंत दर पुनवेला मला बोलावून एक हिशोबाचं कोडं घालायचे.

गोष्ट इथे संपवली तर मी शहाणी ठरते. लोकांना सांगताना मी कित्येक वर्षं इथेच संपवत आले. पण त्या दिवशी राजव्वाला कोणी "आमचं चुकलं" असं म्हटलं नाही. "बाई राहील," एवढाच फैसला झाला. कोठीची किल्ली मात्र "एहतियात म्हणून", खबरदारीसाठी, त्या दिवसापासून वार्डनबाईंच्या कमरेला गेली. संध्याकाळी बारा डब्यांचा भात शिजला, टोकापर्यंत पोचला, सुमनने तर तीनदा मागून घेतला. मी आनंदात स्वयंपाकघरात गेले आणि राजव्वाला म्हणाले, "मैंने बोली थी, मैंने ही मिटाई. हिसाब बराबर?" ती हंडा घासत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, हसली, आणि पुन्हा घासायला लागली. त्या हसण्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भगुणं घेऊन निघाली. आता त्यात तिच्या हक्काचा भात होता. हापशाजवळ चारपाच मुली होत्या. कोणी काही विचारलं नव्हतं, कोणी वर पाहिलंही नसेल. पण राजव्वा थांबली, भगुणं खाली उतरवलं, फडकं सोडलं आणि झाकण काढून एकेकीला आत दाखवलं. मग पुन्हा फडकं बांधून निघाली. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशीही. वार्डनबाई दारात असल्या तर त्यांना, झाडूवाला असला तर त्याला. मी तोंड उघडण्याआधी तिची अब्रू अख्खी होती. मी ती घालवली, मग पन्नास माणसांसमोर परत दिली, आणि तरी ती पहिल्याइतकी भरली नव्हती. निम्मं काढलं आणि निम्मं घातलं की बरोबरी होते, असं आता मीच समजून बसले होते. बाईंना आणि पेशकारांना मी जे गणित शिकवलं, ते माझ्याच डोक्यात शिरायला चार दिवस लागले.

पाचव्या दिवशी दुपारी मी मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. राजव्वा आली, हापशावरच्या मुली पाहून थांबली आणि तिचा हात फडक्याच्या गाठीकडे गेला. मी तिचा हात धरला. "नको," म्हणाले, "मत खोल." तिच्या डोक्यावरचं भगुणं मी माझ्या डोक्यावर घेतलं आणि त्या मुलींच्या समोरून, वार्डनबाईंच्या खिडकीसमोरून, अंगण ओलांडून फाटकापर्यंत नेलं. बाईंनी खिडकीतून विचारलं, "काय व वच्छला, काय हाय त्याच्यात?" मी चालता चालता म्हटलं, "राजव्वाचं हाय, बाई." फाटकाशी तिने भगुणं घेतलं, माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "लंबी ज़बान."

मॅट्रिक होईपर्यंत ते भगुणं रोज दुपारी फाटकापर्यंत मीच नेलं, झाकण लावून.